विश्लेषण : आखाडा सोडून पिंजऱ्यात उतरलेली रितू फोगट… कुस्तीने तिला कुठवर नेले आणि कुठे अडवले?

जपानमधील आयची-नागोया येथे २०२६ मध्ये होणाऱ्या आशियाई क्रीडा स्पर्धेत मिश्र मार्शल आर्ट अर्थात ‘एमएमए’चा समावेश करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. त्यामुळे आतापर्यंत ‘पिंजऱ्यातील मारामारी’ म्हणून बाजूला सारला गेलेला हा खेळ पदकतालिकेत मोजला जाणार आहे. भारताकडे या खेळाची जुनी परंपरा नाही. मात्र, कुस्तीची आहे. मग भारतीय कुस्तीगीर एमएमएमध्ये यशस्वी होऊ शकतात का? या प्रश्नाचे सर्वात तपशीलवार उत्तर एकाच खेळाडूच्या कारकीर्दीत सापडते, ती म्हणजे रितू फोगट. आशियातील ‘वन चॅम्पियनशिप’मध्ये तिच्या नावावर सात विजय आणि चार पराभव आहेत. आकडे वाईट नाहीत. पण विजय कसे मिळाले आणि पराभव कसे झाले, हे पाहिल्यावर चित्र अधिक स्पष्ट होते.

फोगट कुटुंबात रितूचे स्थान काय?

हरियाणातील बलाली गावच्या महावीर सिंह फोगट यांनी आपल्या मुलींना आणि पुतण्यांना आखाड्यात उतरवले, ही कथा ‘दंगल’ चित्रपटामुळे घराघरांत पोहोचली. मोठ्या गीताने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि २०१२ मध्ये ऑलिम्पिकसाठी पात्र ठरणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर ठरली. बबिताने २०१४ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण मिळवले. रितू ही तिसरी मुलगी, जन्म १९९४ चा. तिच्यानंतर संगीता. शिवाय चुलत बहिणी विनेश आणि प्रियांका याही त्याच आखाड्यात घडल्या.

म्हणजे रितूच्या वाट्याला जे आले, ते आधीच कोणीतरी करून ठेवलेले होते. तिची कामगिरी मात्र दुय्यम म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये राष्ट्रकुल कुस्ती अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, मे २०१७ मध्ये दिल्लीतील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४८ किलो गटात कांस्य आणि त्याच वर्षी पोलंडमधील २३ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत रौप्यपदक. प्रो रेसलिंग लीगच्या लिलावात जयपूर निन्जास संघाने तिच्यासाठी ३६ लाख रुपये मोजले, तेव्हा ती त्या लिलावातील सर्वात महागडी भारतीय महिला कुस्तीगीर होती. २०१८ मध्ये बुडापेस्टच्या वरिष्ठ जागतिक स्पर्धेत ती ५० किलो गटात कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचली, पण तेथे हरली.

ऑलिम्पिक दीड वर्षावर असताना कुस्ती का सोडली?

फेब्रुवारी २०१९ मध्ये रितूने कुस्ती सोडून एमएमएची वाट धरल्याचे जाहीर झाले, तेव्हा टोक्यो ऑलिम्पिक दीड वर्षावर होते. त्यामुळे अनेकांना हा निर्णय घाईचा वाटला. भारताची पहिली एमएमए विश्वविजेती होण्याचे स्वप्न असल्याचे तिने त्या वेळी आणि नंतरही वारंवार सांगितले. एवढ्यावर समाधान मानायचे नसेल, तर तेव्हाच्या वजनगटांकडे पाहावे लागते.

ऑलिम्पिकमध्ये एका वजनगटात देशाचा एकच कुस्तीगीर उतरतो. महिलांच्या सर्वात हलक्या ऑलिम्पिक गटाची मर्यादा २०१८ पासून ४८ वरून ५० किलो झाली. त्या ५० किलोत तेव्हा भारतात एकच नाव होते आणि ते रितूच्याच घरातले होते. विनेशने २०१८ मध्ये राष्ट्रकुल आणि आशियाई अशी दोन्ही सुवर्णपदके याच गटात जिंकली होती. पुढे २०१९ मध्ये विनेश ५३ किलोत गेली हे खरे, पण रितूने निर्णय घेतला तेव्हा ही वाट मोकळी होईल याची कोणतीही हमी नव्हती. खाली हलका गट नाही, वर गेल्यास आपल्यापेक्षा दणकट प्रतिस्पर्धी, अशी ती कोंडी होती. हरियाणा असो वा महाराष्ट्र, हलक्या गटातील गुणवान मुलींची कारकीर्द अशा कोंडीत संपते आणि त्याची बातमीही होत नाही. रितूने निदान दुसरे दार उघडले.

सिंगापूरमध्ये नेमके काय बदलले?

रितू सिंगापूरच्या ‘इव्हॉल्व्ह एमएमए’ या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाली आणि नऊ महिन्यांत तिची पहिली व्यावसायिक लढतही झाली. कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. एमएमएमध्ये पाच-पाच मिनिटांच्या तीन. ठोसे, लाथा, कोपर, गुडघा, शिवाय सांध्यांना पीळ देणे किंवा गळा आवळून शरणागती पत्करायला लावणे हे सारे वैध. वन चॅम्पियनशिपमध्ये तर खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर गुडघ्याने प्रहार करण्यासही परवानगी आहे. पटात शिरताना फसलेल्या कुस्तीगीरासाठी हा नियम फारच महागात पडू शकतो.

वजनाचा नियम मात्र तिच्या सोयीचा होता, निदान आरोग्याच्या दृष्टीने. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियानबिंग हा चिनी लढवय्या मनिला येथील लढतीपूर्वी वजन घटवताना शरीरातील पाणी कमी झाल्याने दगावला. त्यानंतर वन चॅम्पियनशिपने पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी आणली. लढतीपूर्वी खेळाडूचे वजन तर तपासले जातेच, पण शरीरात पुरेसे पाणी आहे की नाही याचीही लघवीच्या चाचणीतून खातरजमा होते. रितूच्या ‘अॅटमवेट’ गटाची मर्यादा ११५ पौंड म्हणजे सुमारे ५२.२ किलो आहे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने अपात्र ठरली. त्याआधीच्या रात्री तिने काय काय सोसले, हे साऱ्या देशाने वाचले. धाकटी चुलत बहीण मोठ्या मंचावर उपाशी-तहानलेली असताना रितू ज्या खेळात गेली होती, तेथे तसे करणेच नियमबाह्य होते. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. पाणी भरलेल्या शरीरासह ५२.२ किलो म्हणजे ४८ किलोत खेळलेल्या मुलीसाठी प्रतिस्पर्धी काहीसे थोराड असण्याचीच शक्यता अधिक.

पहिले चार विजय इतके सोपे का वाटले?

१६ नोव्हेंबर २०१९, बीजिंग. दक्षिण कोरियाच्या किम नाम ही हिला रितूने पहिल्याच फेरीत खाली पाडून ठोशांनी निष्प्रभ केले आणि पंचांनी लढत थांबवली. २८ फेब्रुवारी २०२० रोजी सिंगापूरमध्ये, करोनामुळे प्रेक्षकांविना, तैपेईच्या वू चियाओ चेनवर गुणांच्या आधारे एकमताने विजय. ऑक्टोबरमध्ये कंबोडियाच्या नू स्रे पोववर दुसऱ्या फेरीत, डिसेंबरमध्ये फिलिपिन्सच्या जोमारी टोरेसवर पहिल्या फेरीत तांत्रिक नॉकआउट.

या चारही लढतींची पद्धत एकच. अंतर कापायचे, दुहेरी पट काढायचा, प्रतिस्पर्ध्याला पाठीवर टाकायचे, वर बसायचे आणि ठोसे मारायचे. यात नवे फक्त ठोसे. बाकी सारे बलालीचे. उभ्याने लढणाऱ्या खेळाडूला पटापासून वाचण्याचा सराव नसेल, तर लहानपणापासून रोज शेकडो पट काढलेल्या मुलीसमोर तिचे काही चालत नाही. त्यातही स्रे पोव ही कंबोडियाच्या पारंपरिक मुष्टियुद्धातून आलेली. तिच्या लाथा-कोपरांसाठी अंतर लागते आणि रितू ते अंतरच ठेवू देत नव्हती.

पहिला पराभव कोठे आणि का झाला?

१५ मे २०२१ च्या कार्यक्रमाला वन चॅम्पियनशिपने भारतीय प्रेक्षकांसाठी नाव दिले होते ‘दंगल’. फोगटांच्या मुलीसाठी याहून अनुरूप मंच नव्हता. नेमकी त्याच मंचावर रितू व्हिएतनामी वंशाची अमेरिकन खेळाडू बी गुयेनकडून हरली. निकाल विभागून, म्हणजे तीनपैकी दोन परीक्षक गुयेनच्या बाजूने.

रितूने ताबा मिळवूनही ती हरली कशी, असा प्रश्न भारतीय चाहत्यांना पडला. त्याचे उत्तर गुणदान पद्धतीत आहे. कुस्तीत पट काढून ताबा घेतला की दोन गुण पक्के. प्रतिस्पर्धी पाठीवर वळला की आणखी दोन. वन चॅम्पियनशिपमध्ये फेरीनिहाय गुण नसतात, संपूर्ण लढत एकत्र तोलली जाते. त्यात पहिला निकष असतो कोणी प्रतिस्पर्ध्याला नॉकआउट किंवा शरणागतीच्या जवळ नेले. दुसरा कोणी अधिक इजा केली. खाली पाडणे हा निकष यादीत त्यानंतर येतो. त्यामुळे दहा वेळा पट काढला, पण त्यातून पुढे काही निष्पन्न झाले नाही, तर परीक्षकांच्या लेखी त्याची किंमत मर्यादित. गुयेनने खाली पडल्यावर स्वतःला सावरत, संधी मिळेल तेथे प्रहार केले. कुस्तीच्या फलकावर रितू जिंकली असती. येथे फलकच वेगळा होता.

योगायोग असा, की त्याच रात्री मुख्य लढतीत एका कुस्तीगीरानेच इतिहास घडवला. कॅनडाचा अर्जन भुल्लर, ज्याने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १२० किलो गटात सुवर्ण जिंकले होते आणि २०१२ मध्ये ऑलिम्पिक खेळले होते, त्याने ब्रँडन व्हेराला दुसऱ्या फेरीत हरवून हेवीवेट विश्वविजेतेपद मिळवले. भारतीय वंशाच्या खेळाडूने मोठ्या एमएमए संघटनेचे विश्वविजेतेपद जिंकण्याची ती पहिलीच वेळ. भुल्लर मात्र तोवर सहा-सात वर्षे या खेळात मुरलेला होता आणि त्याआधी अमेरिकेच्या यूएफसीमध्येही लढलेला होता. रितूची ही पाचवी लढत होती.

ग्रांप्रीत अंतिम फेरीपर्यंत कशी पोहोचली?

पराभवानंतर अडीच महिन्यांत, ३० जुलै २०२१ रोजी तिने चीनच्या लिन हेकिनला हरवले आणि आठ जणींच्या अॅटमवेट जागतिक ग्रांप्रीत पाऊल ठेवले. ३ सप्टेंबरला उपांत्यपूर्व फेरीत समोर होती मेंग बो. पुढे यूएफसीची विश्वविजेती बनलेल्या झांग वेइलीला २०१३ मध्ये तिच्या पहिल्याच व्यावसायिक लढतीत हरवणारी हीच ती चिनी खेळाडू. मेंग बोचे ठोसे सुरुवातीला रितूला चांगलेच लागले. रितू मात्र डगमगली नाही. पुढच्या दोन्ही फेऱ्यांत तिला जमिनीवर जखडून ठेवत तिने एकमताने निकाल मिळवला. तिच्या कारकीर्दीतील सर्वोत्तम विजय कोणता, यावर फारसा वाद होऊ नये. २९ ऑक्टोबरला उपांत्य फेरीत जपानच्या इत्सुकी हिराताने माघार घेतल्यामुळे फिलिपिन्सची जेनेलिन ओल्सिम समोर आली. तेथेही रितूच्या कुस्तीचाच विजय झाला.

अंतिम लढत ३ डिसेंबरला, थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सशी. स्टॅम्प म्हणजे मुए थाई आणि किकबॉक्सिंग या दोन्हींतील माजी विश्वविजेती. पाच वर्षांची असल्यापासून लाथा-ठोशांत वाढलेली. त्यामुळे समीकरण सोपे वाटत होते. उभ्याने स्टॅम्प, जमिनीवर रितू. पहिल्या फेरीत रितूने तिला खाली नेलेही. दुसऱ्या फेरीत पुन्हा खाली नेले आणि तेथेच घात झाला. पाठीवर पडलेल्या स्टॅम्पने पाय वर घेत रितूचा हात पकडला, कोपर उलट दिशेने ताणला आणि रितूला हाताने थापटून शरणागती द्यावी लागली. आर्मबार. जमिनीवरच्या खेळात तरबेज मानली गेलेली खेळाडू जमिनीवरच, मुए थाई लढवय्यीकडून हरली.

निष्णात कुस्तीगीर जमिनीवरच का फसतो?

रितूच्या चार पराभवांपैकी तीन शरणागतीने झाले आहेत. स्टॅम्पकडून आर्मबार. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सिंगापूरच्या टिफनी टेओकडून पहिल्याच मिनिटात, पाठीमागून गळा आवळून. २० फेब्रुवारी २०२५ रोजी कतारमध्ये जपानच्या अयाका मिउराकडून पहिल्या फेरीत, खांदा पिळून. आणि सात विजयांपैकी एकही विजय शरणागतीने मिळालेला नाही. तीन तांत्रिक नॉकआउट, चार गुणांवर. तिच्या कारकीर्दीचे सार या दोन वाक्यांत आहे.

याचे मूळ कुस्तीच्या शिकवणीत शोधावे लागते. कुस्तीत पाठ लागली की खेळ संपला, मग ती लाल माती असो वा मॅट. त्यामुळे पडताना पोटावर वळायचे, हे कुस्तीगीराच्या अंगात इतके भिनलेले असते की विचार करण्याआधी शरीर वळलेले असते. मॅटवर पोटावर पडून, कोपरे आवळून भारंदाज रोखून धरला की काही सेकंदांत पंच शिट्टी वाजवून दोघींना उभे करतात. बचाव यशस्वी. एमएमएमध्ये पंच इतक्या लवकर उभे करत नाहीत. पोटावर वळणे म्हणजे पाठ प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करणे. मग पाय कमरेभोवती आणि हात गळ्याभोवती यायला वेळ लागत नाही. जी सवय वीस वर्षे तारते, तीच येथे मान देते.

वर असलेल्या कुस्तीगीराची अडचण आणखी वेगळी. कुस्तीत खालच्या पैलवानाकडून धोका जवळपास नसतो. तो सुटण्याची धडपड करतो, वरच्याने त्याला दाबून ठेवायचे. त्यामुळे वरचा पैलवान हात मोकळेपणाने पुढे टाकतो, खालच्याच्या छातीवर, कमरेवर, मॅटवर टेकवतो. ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकलेल्या खेळाडूसाठी पाठीवर पडणे हा पराभव नसून एक बैठक आहे. पुढे आलेला प्रत्येक हात म्हणजे तिच्यासाठी निमंत्रण. स्टॅम्पला जमिनीवरच्या खेळात रितूइतका ताबा मिळवता येत नव्हता, पण पाठीवरून काय करायचे एवढे तिला नेमके शिकवले गेले होते.

मिउराची पकड तर कुस्तीगीराला ओळखीची वाटावी अशी. मान आणि हात एकत्र कवटाळून बाजूने दाबणे, ही ज्युदोतून आलेली पकड मिउराची खासियत असून चाहत्यांमध्ये ती ‘अयाका लॉक’ नावानेच ओळखली जाते. आखाड्यातही मान-हाताची पकड आहे. फरक एवढाच, की आखाड्यात ती चितपट करण्यासाठी वापरतात आणि तेथे खांदे टेकण्याची भीती असते. मिउरा त्याच पकडीतून मोकळा हात आपल्या पायांत अडकवून वाकवते. पाठ टेकू नये म्हणून धडपडणाऱ्या खेळाडूचे लक्ष नेमके त्या हाताकडे नसते.

फक्त तंत्राचाच प्रश्न होता का?

वेळापत्रकही पाहायला हवे. नोव्हेंबर २०१९ ते डिसेंबर २०२१ या दोन वर्षांत, तेही करोनाकाळात, रितू नऊ लढती खेळली. त्यातील शेवटच्या चार तर १८ आठवड्यांत. नवा खेळ शिकणाऱ्या खेळाडूला एका लढतीची तयारी, लढत, थोडी विश्रांती आणि पुन्हा तयारी, एवढ्याच चक्रात फिरावे लागले, तर नवीन काही रुजवायला वेळ कुठून मिळणार? लढत तोंडावर असताना प्रशिक्षक हमखास चालणारी गोष्टच घोटून घेतात. रितूच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे पट. भारतीय बाजारपेठेत शिरू पाहणाऱ्या संघटनेसाठी फोगट आडनाव मोलाचे होते आणि खेळाडूलाही थांबायचे नव्हते. या घाईत शिकण्याची वर्षे स्पर्धेची वर्षे झाली.

त्यानंतर उलट टोक. २०२२ मध्ये एकच लढत, मग मातृत्वामुळे जवळपास अडीच वर्षांची विश्रांती आणि पुनरागमनात थेट मिउरासारखी प्रतिस्पर्धी. याच काळात घरातल्या उरलेल्यांची वाट पूर्ण वेगळी झाली होती. २०२३ मध्ये विनेश आणि संगीता जंतरमंतरवर कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरोधात आंदोलनाला बसल्या, बबिता भाजपमध्ये होती, तर पॅरिसनंतर विनेश काँग्रेसकडून जुलाना मतदारसंघातून हरियाणा विधानसभेत निवडून गेली. रितू मात्र तोवर भारतीय कुस्तीच्या व्यवस्थेपासून केव्हाच दूर झालेली होती.

इतर कुस्तीगीरांना हे कसे जमले?

कुस्ती हा एमएमएचा सर्वात भक्कम पाया आहे, हे जगभरात मान्य आहे. बीजिंग ऑलिम्पिकमधील ५५ किलो गटाचा सुवर्णपदक विजेता हेन्री सेजुडो यूएफसीत दोन वजनगटांचा विजेता झाला. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये चौथा आलेला डॅनियल कॉर्मियर याने तिशीत या खेळात पाऊल ठेवले आणि त्यानेही दोन गटांत विजेतेपद मिळवले. म्हणजे उशिरा सुरुवात हे एकमेव कारण होऊ शकत नाही. या दोघांनी मुष्टियुद्ध इतके आत्मसात केले, की प्रतिस्पर्ध्याला पटाची भीती घालून ठोसा मारायचा आणि ठोशाची भीती घालून पट काढायचा, असे दुहेरी कोडे ते टाकू लागले.

ज्यांना हे जमले नाही त्यांची उदाहरणेही कमी नाहीत. अथेन्समध्ये ६३ किलो गटात रौप्य जिंकलेली सारा मॅकमन २०१४ मध्ये यूएफसी विजेतेपदासाठी रोंडा राउझीसमोर उतरली. राउझी ज्युदोची ऑलिम्पिक पदकविजेती. लढत पहिल्याच फेरीत, पोटात बसलेल्या गुडघ्याने संपली. वन चॅम्पियनशिपचाच माजी विजेता बेन आस्क्रेन, जवळजवळ केवळ कुस्तीवर अपराजित राहिलेला, २०१९ मध्ये यूएफसीत पटात शिरायला धावला आणि होर्हे मास्विदालच्या उडत्या गुडघ्याने पाचव्या सेकंदाला बेशुद्ध पडला. यूएफसीतील तो सर्वात जलद नॉकआउट.

भारतात आणि महाराष्ट्रात पुढे काय?

यूएफसीत पोहोचलेला भारतात जन्मलेला पहिला लढवय्या कुस्तीतूनच आलेला होता, महाराष्ट्राचा भरत खंडारे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला चीनच्या सॉन्ग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत हरवले आणि ती संधी तेथेच संपली. पुढे पूजा तोमर ही यूएफसीशी करारबद्ध झालेली पहिली भारतीय महिला ठरली आणि जून २०२४ मध्ये तिने पहिली लढत जिंकलीही. ती वुशूमधून आलेली. मार्च २०२५ मध्ये लंडनला ती दुसऱ्या लढतीत हरली, तीही आर्मबारनेच. कुस्तीची पार्श्वभूमी असो वा वुशूची, भारतीय खेळाडूंचे घोडे एकाच ठिकाणी अडते आहे. जमिनीवर हात, मान आणि पाय वाचवण्याचे व पकडण्याचे शास्त्र आपल्याकडे लहान वयात शिकवले जात नाही.

महाराष्ट्रात मुलींच्या कुस्तीला अलीकडे बळ मिळाले आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने मानाची गदा पटकावली. कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या तालमींत मुली दिसू लागल्या आहेत. यातील बहुतेक जणींना पोलीस किंवा रेल्वेतील नोकरीचा मार्ग ठाऊक आहे, एमएमएचा नाही. आशियाई स्पर्धेतील समावेशानंतर तोही विचार होईल आणि प्रशिक्षकांची पहिली नजर तालमींवरच जाईल. समोर असतील जपानचे ज्युदोका आणि मध्य आशियाई देशांतील साम्बो खेळाडू, जे हात पिळण्याचे डाव शाळकरी वयात शिकतात. भारतीय निवड चाचणीत पट काढणाऱ्यांची कमतरता भासणार नाही. पाठीवर पडल्यावर काय करायचे, हे ठाऊक असलेले किती निघतात, ते तेथेच दिसेल.